वाणीचे सामर्थ्य आणि साताऱ्याचा दरबार

१९१७ साली साताऱ्यात पंचावन्न वर्षांच्या एका मराठी कवीने आपल्या हक्काच्या पगारावर पाणी सोडले. हा कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. बाप्तिस्मा घेऊन त्यांना बावीस वर्षे झाली होती. अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांना मान होता, ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादकत्व होते, आणि त्यांची पदे मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतून गायिली जात होती. अशा वयात आणि अशा स्थितीत त्यांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ नावाचा एक बंधुसंघ साताऱ्यात उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. ज्याचा सारा व्यवसायच शब्दांचा, त्याला आपल्या शब्दांसाठी मिळणारा पैसा नकोसा का झाला असावा? या प्रश्नाच्या उत्तरात ख्रिस्ती धर्मातील वाणीविचाराचे आणि साक्षात्काराचे मर्म सापडते, असे आम्हांस वाटते.

कृष्णाकाठच्या या मुलखाला वाणीचे सामर्थ्य नव्याने शिकवावे लागत नाही. सज्जनगडावर ज्यांनी देह ठेवला त्या समर्थांनी ‘दासबोधा’त नवविधा भक्तीचे विवेचन करताना आरंभीचे स्थान श्रवणाला दिले आहे. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले आणि बोललेल्या शब्दाला एक नवे पीठ मिळाले. त्यानंतर शंभर वर्षांनी, येडेमच्छिंद्रच्या नाना पाटलांच्या रांगड्या भाषणांनी याच परिसरातील शेतकरी परकीय सत्तेविरुद्ध उभा राहिला. सांगली जिल्ह्याचा बराच भाग १९४९ पर्यंत साताऱ्यातच होता, आणि पुढेही काही वर्षे हा जिल्हा ‘दक्षिण सातारा’ याच नावाने ओळखला जाई. तेव्हा कीर्तन, नाटक आणि सभा या तिन्हींचे संस्कार झालेल्या या भूमीतील श्रोता शब्दाला भुलतो आणि शब्दाची पारखही करतो. टिळकांचा दरबार नेमका अशा श्रोत्यांपुढे भरला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

शब्द आणि वक्तृत्व

आपल्याकडे वाणीच्या चार पायऱ्या मानल्या आहेत: परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी. कानी पडते ती वैखरी, सर्वांत बाहेरची. तिच्याही मागे पश्यंती आहे, म्हणजे पाहणारी वाणी. बोलण्याच्या मुळाशी पाहणे असते, हा विचार त्या एका नावातच सामावलेला आहे. ख्रिस्ती परंपरेत योहानाचे शुभवर्तमान सृष्टीच्या आरंभी शब्दाला ठेवते आणि तोच शब्द पुढे देहधारी होऊन माणसांत राहिला, असे सांगते. जुना करार ज्या हिब्रू भाषेत आहे, तीत ‘दाबार’ या एकाच शब्दाचे अर्थ ‘शब्द’ आणि ‘घडलेली गोष्ट’ असे दोन्ही होतात. देव बोलतो तेव्हा ते घडते. बोलणे आणि करणे यांत तेथे अंतर उरत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र हे अंतर पडते, आणि सारा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

म्हणूनच बायबलमध्ये वाणीची थोरवी असली तरी वक्तृत्वाचे कौतुक फारसे आढळत नाही. मोशे हा जड जिभेचा. आपल्याला बोलता येत नाही म्हणून तो देवाने सोपवलेले कार्य टाळू पाहतो. एलिया संदेष्ट्याला पर्वतावर वादळात देव भेटत नाही, भूकंपात भेटत नाही, अग्नीतही भेटत नाही. सारे शांत झाल्यावर एका मंद स्वरात भेटतो. याकोबाचे पत्र जिभेला मोठे तारू वळवणाऱ्या लहानशा सुकाणूची उपमा देते आणि लगेच रान पेटवणाऱ्या ठिणगीचीही देते. स्वतः ख्रिस्त पिलातासमोर आरोपांना उत्तर न देता बहुतांशी मौन राहतो. या सर्व कथांचा रोख एकच दिसतो. शब्दाचे बळ तो बोलणाऱ्याच्या आवाजावर अवलंबून नाही. तो शब्द कोठून आला आणि बोलणाऱ्याने त्याच्यासाठी काय दिले, यावर ते ठरते.

आगगाडीतील संभाषण

टिळकांच्या जीवनातील कलाटणीचा प्रसंग महाराष्ट्राला परिचित आहे. १८९३ च्या सुमारास ते नोकरीनिमित्त नागपूरहून राजनांदगावकडे आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. बोलणे निघाले ते धर्माविषयी नव्हे; काव्याविषयी आणि संस्कृत साहित्याविषयी. निरोप घेताना त्या गृहस्थांनी नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते वेडगळपणाचे वाटले. तरीही दिलेला शब्द पाळायचा म्हणून त्यांनी पुस्तक वाचावयास घेतले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाशी ते आले आणि तेथून त्यांचे पाऊल मागे फिरले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही कथा सांगताना पुष्कळदा तीतील चमत्कारावर भर दिला जातो: भाकीत केले आणि खरे ठरले! वस्तुतः तीतील महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. त्या गृहस्थांनी वाद घातला नाही. समोरचा माणूस कवी आहे हे ओळखून ते त्याच्याशी काव्यावर बोलले. त्याच्या परंपरेविषयी आदर दाखवून मग आपली वस्तू त्यांनी पुढे ठेवली. त्याआधीच्या साठ-सत्तर वर्षांत मिशनऱ्यांनी आणि त्यांच्या विरोधकांनी वादविवादांचे आखाडे किती गाजवले होते! १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी केलेल्या वादाला मोठी गर्दी लोटत असे. त्या वादांतून बुद्धीला धार आली, ग्रंथ निर्माण झाले, समाज आत्मपरीक्षणाला प्रवृत्त झाला; हे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु वादात हरलेला माणूस निरुत्तर होतो, त्याचे अंतःकरण पालटत नाही. निरुत्तर करणारी वाणी आणि अंतर्मुख करणारी वाणी या दोन भिन्न गोष्टी आहेत.

दुसरी गोष्टही ध्यानात घ्यावयास हवी. भाकिताचा क्षण आणि बाप्तिस्मा यांच्यामध्ये सुमारे दोन वर्षे गेली. साक्षात्कार म्हटला की आपल्याला वीज आठवते. परंतु वीज चमकण्यापूर्वी आभाळ बराच वेळ भरून येत असते. टिळकांचे आभाळ भक्तिकाव्याने, धर्मचिंतनाने आणि मनातल्या अस्वस्थतेने कित्येक वर्षे भरत होते. पौलाचेही तसेच. दिमिष्काच्या वाटेवर प्रकाशाने तो खाली पडला, हे आपण ऐकतो. पुढचे तीन दिवस त्याला दिसत नव्हते, आणि ज्या पंथीयांना तो छळत होता त्यांच्यातीलच हनन्या नावाच्या माणसाने त्याला ‘भाऊ’ म्हणून हाक मारल्यावर त्याची दृष्टी परतली, ही गोष्ट आपण विसरतो. आकाशातल्या वाणीने त्याला थांबवले. डोळे उघडले ते एका माणसाच्या तोंडच्या त्या साध्या शब्दाने.

ज्याची त्याची भाषा

ख्रिस्ती मंडळीचा जन्म पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पन्नासाव्या दिवसाच्या घटनेपासून मानतात. त्या दिवशी यरुशलेमेत देशोदेशींचे लोक जमले होते, आणि प्रेषितांचे बोलणे प्रत्येकाला आपापल्या जन्मभाषेत ऐकू आले, असे प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक सांगते. सर्वांना एकच भाषा शिकवण्याचा चमत्कार तेथे घडला नाही. प्रत्येकाच्या भाषेला मान मिळण्याचा घडला. महाराष्ट्रात आणि गोमंतकात हे सत्य ज्यांना उमगले त्यांचेच शब्द टिकले. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला आणि १६१६ मध्ये त्याचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. नवख्रिस्ती झालेल्या लोकांच्या हातून त्यांची जुनी पुराणे गेली होती; त्यांच्या कानांना ओवीची सवय होती, म्हणून स्टीफन्सने ओवीच स्वीकारली.

टिळकांना मात्र हा धडा घरच्या माणसाने परदेशातून घरी परत यावे तसा गिरवावा लागला. ख्रिस्ती झाल्यानंतरची काही वर्षे त्यांच्या भक्तीवर पाश्चात्त्य वळणाची छाया होती. पुढे त्यांचे लक्ष पुन्हा तुकारामांकडे गेले आणि अभंग हे त्यांच्या ख्रिस्तभक्तीचे सहज रूप झाले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची भावना होती. हा त्यांचा दुसरा साक्षात्कार म्हणावयास हरकत नाही, आणि मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने तोच अधिक फलदायी ठरला. पहिल्या क्षणाने त्यांना ख्रिस्त दिला. दुसऱ्याने त्या ख्रिस्ताशी मराठीत बोलण्याची मोकळीक दिली. नव्या श्रद्धेसाठी जुनी जीभ कापून टाकावी लागत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

लक्ष्मीबाईंची वाट

येथे एक कटू सत्य टाळून चालणार नाही. जो शब्द एकाला प्रकाश देतो तो त्याच्या शेजारच्याला होरपळूनही टाकतो. टिळकांच्या बाप्तिस्म्याने त्यांचे घर मोडले. पत्नी लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे पतीपासून दूर राहिल्या. त्या काळातल्या त्यांच्या हालांचे वर्णन १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त आहे, आणि मराठी वाचकाला ते हसवता हसवता रडवते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने पतीच्या उत्तुंग शब्दांवर आपल्या साध्या बोलीने जणू भाष्यच लिहून ठेवले आहे.

लक्ष्मीबाईंचे परिवर्तन टिळकांच्या परिवर्तनाची नक्कल नव्हते. पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे, आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवले होते. कोणाच्या उपदेशाने ते सुटले नाही. एकदा जातिभेदाचा विचार मनात घोळत असता, हे भेद देवाने केले नसून माणसांनी केले आहेत, अशी त्यांची खात्री पटली. आणि पटल्याबरोबर त्यांनी ते व्यवहारात आणले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या जीवनातील क्षण प्रवासात, परक्याच्या तोंडून आणि ग्रंथातून आला. लक्ष्मीबाईंचा क्षण घरात, स्वतःच्या मनातून आणि पाण्याच्या भांड्यावरून आला. दोन्ही तितकेच खरे. आम्हांस तर वाटते, दुसरा अधिक अवघड आहे. मोठ्या तत्त्वाला मान तुकवणे सोपे. ज्या हाताचे पाणी आजवर घेतले नाही त्या हातचे पाणी पिणे कठीण.

पगार आणि शब्द

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. टिळकांनी साताऱ्यात वेतन का सोडले? मिशनशी भांडण हे त्याचे कारण नव्हते. परकीय पैशावर पोसलेला उपदेशक जेव्हा ख्रिस्ताचे नाव घेतो, तेव्हा त्याचे शब्द श्रोत्याच्या कानाशी पोहोचण्यापूर्वीच त्यांवर संशयाचे सावट पडते, हे त्यांनी जाणले होते. राज्यकर्त्यांचा धर्म, राज्यकर्त्यांच्या देशबांधवांचा पैसा आणि त्यातून बोलणारा एतद्देशीय, असे चित्र लोकांच्या मनात होते. ते सर्वस्वी निराधार होते असेही म्हणता येत नाही. त्या आक्षेपाला टिळकांनी लेखाने उत्तर दिले नाही, कृतीने दिले. ज्या भूमीत साधूची पारख त्याच्या त्यागावरून होते, तेथे ख्रिस्ताचा साक्षीदारही त्याच कसोटीला उतरला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती.

या प्रसंगाला ख्रिस्ती इतिहासात एक जुना जोड आहे. चौथ्या शतकातील ऑगस्टीन मिलान नगरीत वक्तृत्वशास्त्राचा प्राध्यापक होता. तेथील बिशप अँब्रोज यांची प्रवचने तो ऐकावयास जाई, ती शैली पारखण्यासाठी. आशयाशी त्याला कर्तव्य नव्हते. परंतु शैलीसाठी उघडलेल्या दारातून आशय हळूहळू आत शिरला. ३८६ साली एका बागेत तो अंतःकरणाच्या तगमगीत असताना शेजारच्या घरातून एका मुलाचा स्वर त्याच्या कानी आला. उचल आणि वाच, असे ते मूल पुनःपुन्हा म्हणत होते. त्याने पौलाचे पत्र उघडले, समोर आलेला मजकूर वाचला आणि त्याचा निश्चय झाला. पुढे त्याने पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर प्राध्यापकपद सोडले. शब्द विकण्याचा आपला धंदा संपला, असे त्याला वाटले. मिलानचा तो अध्यापक आणि साताऱ्याचा हा कवी यांच्यात पंधराशे वर्षांचे अंतर आहे. पण दोघांनाही अंतर्दृष्टीची किंमत आपल्या उपजीविकेत मोजावी लागली.

दरबार फार काळ चालला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत निवर्तले आणि त्यांच्यामागे तो संघ त्या स्वरूपात तग धरू शकला नाही. व्यवहाराच्या हिशोबाने तो प्रयोग फसला असेच कोणी म्हणेल. त्यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही अपुरे राहिले होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ज्या शब्दाने कधी काळी त्यांचे घर मोडले होते, त्याच शब्दाचे अपुरे काम त्यांनी वृद्धापकाळी हाती घेऊन तडीस नेले. शब्दाच्या सामर्थ्याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

मिरजेचे मौन

साताऱ्याच्या दरबारासमोर दक्षिणेकडचे एक निराळे उदाहरण ठेवले म्हणजे चित्र पुरे होते. डॉ. विल्यम वानलेस हे कॅनेडियन डॉक्टर १८८९ मध्ये या प्रदेशात आले. प्रथम सांगलीस काम करून त्यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले आणि सुमारे चार दशके ते येथे राबले. टिळकांजवळ होती तशी काव्यमय वाणी त्यांच्याजवळ नव्हती. मिशनच्या रुग्णालयांत रुग्णांपुढे शुभवर्तमानाचे वाचन होत असे, ते त्यांतील कितीजणांच्या मनात रुजले हे सांगता यावयाचे नाही. परंतु ज्याच्या डोळ्यांवरचा पडदा शस्त्रक्रियेने दूर झाला, त्याला ख्रिस्त आंधळ्यांना दृष्टी देत असे ही कथा समजावून सांगावी लागली नसेल. आज मिरज-सांगलीच्या रस्त्यावरून जाणाराला ‘वानलेसवाडी’ हे नाव सहज कानी पडते. परदेशातून आलेले एक आडनाव मराठी गावाच्या नावात असे मिसळून जावे, हीदेखील एक प्रकारची देहधारणाच आहे.

‘दाबार’ या हिब्रू शब्दाचे दोन अर्थ वर सांगितले. सातारा आणि मिरज ही त्या एका शब्दाचीच दोन अंगे आहेत. एकीकडे बोलण्याला त्यागाने तारण दिले; दुसरीकडे सेवेने बोलण्याची गरजच उणी केली.

आपल्यापुरते

या साऱ्याचा ख्रिस्ती नसलेल्या वाचकाशी संबंध काय, असे कोणी विचारील. धर्मांतराचा विषय आपल्याकडे नाजूक आहे आणि त्यामागे खऱ्याखोट्या अनेक जखमा आहेत. टिळकांचा निर्णय योग्य की अयोग्य, हा निवाडा करण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु शब्दांवर ज्यांची उपजीविका चालते असा फार मोठा वर्ग आज आपल्या समाजात आहे. शिक्षक वर्गात बोलतो, कारकून कागदावर लिहितो, विद्यार्थी ऐकतो आणि उतरवून घेतो. भाषणे, निवेदने, प्रवचने आणि जाहिराती यांचा असा महापूर पूर्वी कधी आला नव्हता. शब्द वाढले तसा त्यांवरचा विश्वास घटला, याचा अनुभव कोणाला नाही? वर्गात सत्यावर धडा देणाऱ्या गुरुजींकडे विद्यार्थी पाहतो तेव्हा तो एकच गोष्ट तपासत असतो: हे जे सांगत आहेत, त्यासाठी यांनी स्वतः काही सोडले आहे का? तो प्रश्न त्याने कधी तोंडाने विचारला नाही, तरी उत्तर त्याला मिळालेले असते.

सर्वांनीच पगार सोडावा असा याचा अर्थ नव्हे. तसे केले तर घरे चालणार नाहीत, आणि टिळकांच्या औदार्याची झळ संसाराला कशी पोहोचते हे ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाईंनी लिहूनच ठेवले आहे. अर्थ इतकाच की, ज्या शब्दाची आपण काहीच किंमत मोजलेली नाही तो शब्द दुसऱ्याच्या आयुष्यात फारसे काही घडवू शकत नाही. किंमत लहान असेल. एखादी सोयीची थाप टाळणे असेल, अडाणी माणसाचा अर्ज झिडकारून न लावता नीट वाचून देणे असेल, किंवा आजवर वेगळे ठेवलेले पाण्याचे भांडे सर्वांसाठी मोकळे करणे असेल. अंतर्दृष्टीचे क्षण मागून मिळत नाहीत. ते कधी येतील हे कोणी सांगू शकत नाही. मात्र आले असता त्यांच्या पाठोपाठ एक लहानसे मागणेही येते. ते मागणे ज्याने पुरे केले, त्याची वाणी साधी असली तरी ऐकली जाते. ज्याने ते टाळले, त्याच्या जिभेवर कितीही अलंकार चढले तरी त्याचे बोलणे वैखरीच्या पलीकडे जात नाही.